दोन करारांचा खेळाडू : डेव्ह डेबुशर, बेसबॉल आणि बास्केटबॉल (१९६२–१९६८)

प्रकरणाचे स्वरूप

अमेरिकेतील बेसबॉलची मेजर लीग आणि बास्केटबॉलची व्यावसायिक लीग एनबीए या दोन्ही सर्वोच्च पातळ्यांवर खेळलेले खेळाडू आजवर जेमतेम डझनभर झाले. त्यांतील बहुतेकांना पुढे एक खेळ सोडावा लागला आणि तो का सोडला, याचे उत्तर सहसा एका वाक्यात दिले जाते : दुसऱ्या खेळात तो अधिक चांगला होता. डेट्रॉइटच्या डेव्ह डेबुशरविषयीही असेच सांगितले जाते. तो बास्केटबॉलमधला थोर बचावपटू ठरला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे बेसबॉल हा त्याचा दुय्यम खेळ असणार, असा उलटा तर्क लावला जातो. १९६२ ते १९६५ या वर्षांचा तपशील जुळवून पाहिला की हा तर्क टिकत नाही. बेसबॉलमध्ये तो अपयशी ठरला नव्हता. त्याचा निर्णय त्याच्या गुणवत्तेपेक्षा मोसमांच्या वेळापत्रकाने, खेळाडू-नोंदणीच्या एका नियमाने आणि चोविसाव्या वर्षी अंगावर पडलेल्या तिसऱ्या जबाबदारीने घडवला, असे माझे मत आहे आणि पुढील मांडणी त्याच अंगाने केली आहे.

पार्श्वभूमी

डेबुशरचा जन्म १६ ऑक्टोबर १९४० रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. शाळा आणि महाविद्यालय दोन्ही त्याच शहरात झाले. युनिव्हर्सिटी ऑफ डेट्रॉइटकडून तो हिवाळ्यात बास्केटबॉल खेळे आणि वसंतात बेसबॉलच्या मैदानावर उतरे. सहा फूट सहा इंच उंची, रुंद खांदे आणि वेगवान फेक यांमुळे बेसबॉलच्या पारख्यांची नजर त्याच्यावर होती. आणि ज्या शहरात तो लहानाचा मोठा झाला, त्याच शहरातील व्यावसायिक बास्केटबॉल संघाला तो हवा होता.

त्याने १९६२ मध्ये दोन्ही खेळांत पाऊल टाकले, त्या वेळी खेळाडू मिळवण्याची पद्धत दोन्हीकडे आजच्यापेक्षा वेगळी होती. बेसबॉलमध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंची सामायिक निवड, म्हणजे सर्व क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, १९६५ साली सुरू झाली. त्याआधी कोणताही क्लब कोणत्याही नव्या खेळाडूशी थेट बोलणी करू शके, आणि जो क्लब करारावर सही करण्याबद्दल अधिक बोनस देई त्याच्याकडे खेळाडू जाई. शिकागो व्हाइट सॉक्सने १९६२ च्या वसंतात डेबुशरला असाच भरघोस बोनस देऊन करारबद्ध केले. एनबीएमध्ये त्या काळी प्रादेशिक निवडीची सोय होती. आपल्या पहिल्या फेरीच्या निवडीवर पाणी सोडून संघाला जवळच्या परिसरातील एका महाविद्यालयीन खेळाडूवर थेट हक्क सांगता येई, कारण घरचा खेळाडू प्रेक्षक खेचून आणतो, असा त्यामागचा व्यवहार होता. डेट्रॉइट पिस्टन्सने त्याच वर्षी हा हक्क डेबुशरसाठी वापरला.

अशा रीतीने एकविसाव्या वर्षी त्याच्या हाती दोन करार होते. शिकागोच्या क्लबने बास्केटबॉल सोडण्याची अट घातली नाही आणि डेट्रॉइटच्या संघाने बेसबॉल सोडण्याची. दोघांनीही त्या वेळी मोठेपणा दाखवला असे वाटते खरे, पण अट न घालणे म्हणजे प्रश्न सोडवणे नसते. दोघांनीही तो पुढे ढकलला होता.

समस्या

वरवर पाहता दोन खेळांचे मोसम एकमेकांना पूरक होते. बेसबॉल एप्रिलपासून ऑक्टोबरच्या तोंडापर्यंत चाले, एनबीएचा नियमित मोसम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. कागदावर वर्ष बरोबर मध्ये दुभंगलेले दिसे. अडचण होती ती सांध्यांवर. बेसबॉलच्या संघांची वसंतातील तयारी-शिबिरे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चभर चालत, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बास्केटबॉलचे निर्णायक सामने असत. दुसऱ्या टोकाला, बास्केटबॉलची शिबिरे सप्टेंबरमध्ये भरत तेव्हा बेसबॉलचा मोसम संपलेला नसे.

हे नुकसान दोन्ही खेळांत सारखे नव्हते, आणि या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. बास्केटबॉलमधील फॉरवर्ड शिबिराला उशिरा पोहोचला तरी सामन्यांतून, रोजच्या सरावातून लयीत येतो. त्याचे पाय आणि दम बेसबॉलनेही थोडेफार टिकवलेले असतात. पिचरचे, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू फेकणाऱ्याचे, तसे नसते. आपल्याकडे वेगवान गोलंदाज मोसमाच्या आधी कित्येक आठवडे हळूहळू षटके वाढवत नेतो, दिशा आणि टप्पा पक्का करतो, तसेच पिचरचे वसंत शिबिर असते. तिथे खांदा तापवला जातो, फेकीवर ताबा मिळवला जातो, वेगवान फेकीच्या जोडीला दुसरी-तिसरी फेक घडवली जाते. जो पिचर मार्चअखेरपर्यंत बास्केटबॉल खेळतो, त्याची ही सारी शाळाच बुडते. मग त्याला प्रत्यक्ष सामन्यात, प्रेक्षकांसमोर, धावा देत देत शिकावे लागते.

डेबुशरच्या पहिल्या वर्षाचे आकडे या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. १९६२ मध्ये व्हाइट सॉक्ससाठी तो १२ सामन्यांत मिळून १८ डाव (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात) फेकला. त्या १८ डावांत प्रतिस्पर्ध्यांना त्याच्याविरुद्ध फक्त ५ हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मिळाल्या. नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर येणाऱ्या धावांची सरासरी २.०० होती, जी कोणत्याही पिचरला भूषणावह आहे. मात्र त्याच १८ डावांत त्याने २३ फलंदाजांना वॉक दिला, म्हणजे चेंडू इतके भरकटले की फलंदाज बॅट न चालवताच पहिल्या बेसवर चालत गेले. नऊ डावांमागे साडेअकरा वॉक हे प्रमाण मेजर लीगमध्ये खपण्यासारखे नाही. फेकीत असा जोर की तिला बॅट लावणे कठीण, आणि ताबा असा की ती कुठे जाईल याचा भरवसा नाही. अशा पिचरला एकच गोष्ट लागते आणि ती म्हणजे खालच्या पातळीवर, दडपणाशिवाय मिळणारे भरपूर डाव. क्लबने त्याच मोसमात त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धांत, पाठवले, ते योग्यच होते.

त्यानंतर विश्रांती नव्हतीच. ऑक्टोबरमध्ये तो पिस्टन्सकडे गेला आणि १९६२-६३ च्या मोसमातील सर्वच्या सर्व ८० सामने खेळला. सामन्यामागे १२.७ गुण आणि ८.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), आणि मोसमाअखेर नवोदितांच्या सर्वोत्तम संघात स्थान. पिस्टन्स त्या वर्षी बाद फेरीतही पोहोचले आणि सेंट लुइस हॉक्सकडून १-३ असे हरले. बास्केटबॉलमधले हे यश बेसबॉलच्या हिशेबात मात्र खर्चाच्या बाजूला पडत होते, कारण बाद फेरीपर्यंत मार्च सरत आलेला होता.

क्लबपुढील पर्याय आणि १९६३ चा निर्णय

या टप्प्यावर निर्णय खेळाडूच्या हातात नव्हता, तो व्हाइट सॉक्सला घ्यायचा होता. बड्या क्लबांनी बोनसच्या जोरावर तरुण खेळाडू गोळा करून मायनर लीगमध्ये दडवून ठेवू नयेत, म्हणून बेसबॉलने त्या काळात पहिल्या वर्षाच्या खेळाडूंबाबत एक कडक नियम केला होता. पहिला मोसम संपल्यावर अशा खेळाडूला मुख्य संघाच्या यादीत संरक्षण द्यायचे, नाही तर इतर क्लबांना तो ८,००० डॉलरच्या ठरीव रकमेत उचलून नेता येई. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की ज्याला शिकण्यासाठी खाली ठेवायला हवे, त्यालाच वर ठेवण्याची सक्ती क्लबवर आली.

१९६३ च्या वसंतात व्हाइट सॉक्सकडे या नियमात सापडलेले तीन तरुण पिचर होते : डेबुशर, ब्रूस हॉवर्ड आणि डेनी मॅक्लेन. तिघांना एकाच वेळी सांभाळण्याइतकी जागा यादीत नव्हती. सरव्यवस्थापक एड शॉर्ट आणि व्यवस्थापक अल लोपेझ यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे डेबुशरला सोडून द्यायचे. त्याचा अर्धा वेळ दुसऱ्या खेळात जातो, हे त्यासाठी पुरेसे कारण होते, पण मग मोठा बोनस बुडीत खात्यात टाकावा लागला असता. दुसरी वाट म्हणजे मुख्य संघातील एखाद्या अनुभवी खेळाडूची जागा रिकामी करून तिघांनाही ठेवायचे. पण संघ अमेरिकन लीगच्या विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि अशा संघाला यादीतील प्रत्येक जागा मोलाची असते. तिसरी वाट म्हणजे उरलेल्या दोघांपैकी एकावर पाणी सोडायचे.

क्लबने तिसरी वाट धरली. मॅक्लेनचे नाव मोकळे करण्यात आले आणि डेट्रॉइट टायगर्सने ८,००० डॉलर भरून त्याला उचलले. त्याने आदल्या वर्षी व्यावसायिक पदार्पणाच्या सामन्यातच एकही हिट न देण्याचा पराक्रम केला होता. शिकागोच्या परिसरात वाढलेला पिचर अशा रीतीने डेट्रॉइटला गेला आणि डेट्रॉइटचा पिचर शिकागोच्या यादीत राहिला. मॅक्लेनने १९६८ मध्ये टायगर्ससाठी ३१ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्याही नावावर नोंदले जातात), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान मिळवले, आणि टायगर्सने त्या वर्षी जागतिक मालिका जिंकली. एका मोसमात तीस विजय त्यानंतर आजवर कोणत्याही पिचरला जमलेले नाहीत.

या तुलनेत शिकागोच्या निर्णयाची नेहमी हेटाळणी होते. मला ती निम्मीच पटते. १९६३ च्या वसंतात १९६८ दिसत नव्हते, आणि मॅक्लेनची पुढची कहाणीही सरळ नाही. जुगाराच्या व्यवहारांवरून १९७० मध्ये त्याच्यावर बंदीची कारवाई झाली आणि काही वर्षांत त्याची कारकीर्द आटोपली. निर्णयाचा खरा दोष निराळा आहे. क्लबने तिघांच्या फेकीची तुलना केली, पण तिघांच्या उपलब्ध वेळेची केली नाही. पूर्ण वर्ष बेसबॉलला देणाऱ्या पिचरवर पाणी सोडून, शिबिरालाही पूर्ण वेळ देऊ न शकणाऱ्या पिचरची जागा राखली गेली. बोनसची रक्कम आधीच खर्च झालेली होती. पुढच्या निर्णयात तिला वजन द्यायचे कारण नव्हते.

१९६३ चा मोसम : हाती काय आले

नियमामुळे डेबुशर १९६३ मध्ये मुख्य संघासोबत राहिला. तो २४ सामन्यांत खेळला, त्यांपैकी १० सामन्यांत त्याने सुरुवात केली, एकूण ८४ डावांहून किंचित अधिक फेकला. विजय ३, पराभव ४, धावांची सरासरी ३.०९. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँड इंडियन्सविरुद्ध त्याने संपूर्ण नऊ डाव एकही धाव न देता फेकून काढले. वॉकची संख्या ३४ वर होती, म्हणजे नऊ डावांमागे साडेतीनच्या जरा वर. साडेअकरावरून इतकी मजल एका वर्षात मारणारा पिचर शिकत होता, आणि झपाट्याने शिकत होता, याविषयी शंका घेता येत नाही.

मग तो मागे का पडला? कारण त्याच्या पुढे उभे असलेले लोक असामान्य होते. त्या वर्षी व्हाइट सॉक्सच्या साऱ्या पिचरांची मिळून सरासरी तीनच्या आत होती. गॅरी पीटर्सने १९ सामने जिंकून सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, हुआन पिझारोने १६ जिंकले, आणि शेवटचे डाव सांभाळायला हॉइट विल्हेल्मसारखा कसलेला पिचर होता. ३.०९ ही सरासरी दुसऱ्या एखाद्या क्लबमध्ये नियमित जागा मिळवून देणारी होती, पण शिकागोत ती संघाच्या सरासरीच्याही मागे पडत होती. आणि राखीव कलमामुळे खेळाडूला आपण होऊन दुसऱ्या क्लबमध्ये जाण्याची मुभा नव्हती. संघ ९४ सामने जिंकून न्यूयॉर्क यँकीजच्या मागे लीगमध्ये दुसरा आला. अशा संघाचा व्यवस्थापक होतकरू मुलाला चुका करायला डाव देत नाही.

डेबुशरने या मोसमानंतर मेजर लीगमध्ये पुन्हा चेंडू फेकला नाही. दोन वर्षांची त्याची एकूण सरासरी २.९० राहिली. सर्वोच्च पातळीवरची कारकीर्द अशा सरासरीवर संपलेली क्वचितच पाहायला मिळते.

तिसरी जबाबदारी

१९६३-६४ च्या हिवाळ्यात पाय मोडल्यामुळे तो पिस्टन्ससाठी फक्त १५ सामने खेळू शकला. दोन खेळ खेळणाऱ्याला दुखापत झाली की ती दोन्ही खात्यांवर पडते, हा या प्रकरणातला सर्वांत साधा आणि सर्वांत कमी विचारात घेतलेला धोका होता. १९६४ च्या उन्हाळ्यात व्हाइट सॉक्सने त्याला ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर इंडियानापोलिसला ठेवले आणि तिथे त्याने १५ सामने जिंकले. मुख्य संघ त्या वर्षी ९८ विजय मिळवून यँकीजपेक्षा अवघ्या एका सामन्याने मागे राहिला. जिथे वर जागाच नव्हती, तिथे खाली पंधरा विजय मिळवूनही उपयोग नव्हता.

नोव्हेंबर १९६४ मध्ये प्रकरणाला अनपेक्षित वळण मिळाले. पिस्टन्सने मोसमाची सुरुवात २ विजय आणि ९ पराभवांनी केली, प्रशिक्षक चार्ली वुल्फ यांना काढण्यात आले, आणि मालक फ्रेड झोलनर यांच्या संघाने चोवीस वर्षांच्या डेबुशरला खेळाडू-प्रशिक्षक नेमले. एनबीएच्या इतिहासात इतका तरुण प्रशिक्षक त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही.

या नेमणुकीमागचा विचार समजून घेता येतो. तो घरचा मुलगा होता, सहकाऱ्यांत त्याचा मान होता, आणि संघाची पैशांची बाजू भक्कम नव्हती. पण ज्याच्या वेळेची आधीच ओढाताण चालली होती, त्याच्यावर सर्वांत वेळखाऊ काम सोपवले गेले. खेळाडू सराव संपला की मोकळा होतो. प्रशिक्षकाला पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, प्रवास, कोणाला किती वेळ खेळवायचे यावरून होणारे रुसवेफुगवे, महाविद्यालयीन खेळाडूंची पारख, हे सगळे उरतेच. शिवाय ज्यांच्यासोबत कालपर्यंत एकाच बाकावर बसायचे, त्यांतल्याच एखाद्याला आज बाहेर बसवायचे, आणि तेही तो आपल्यापेक्षा वयाने मोठा असताना.

तरीही त्याने १९६५ च्या उन्हाळ्यात बेसबॉल सोडला नाही. एनबीए संघाचा मुख्य प्रशिक्षक असलेला हा तरुण इंडियानापोलिसमध्ये पुन्हा पूर्ण मोसम पिचर म्हणून खेळला आणि पुन्हा १५ सामने जिंकला. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. एवढे कष्ट करूनही तो अमुक एका बाजूने कमी पडला, असे म्हणायला जागाच सापडत नाही. कमी पडत होते ते वर्षातले महिने.

निर्णय : बेसबॉलला निरोप

१९६५ चा मोसम संपल्यावर त्याच्यापुढे तीन मार्ग होते. बास्केटबॉल सोडून पंचविसाव्या वर्षी पूर्ण वेळ पिचर व्हायचे. आहे तसेच दोन डगरींवर पाय ठेवून चालत राहायचे. किंवा बेसबॉल सोडायचा.

पहिला मार्ग कल्पनेतला नव्हता, याचा पुरावा त्याच्याच संघात पुढे उभा राहिला. रॉन रीड नावाचा नॉत्र डाम विद्यापीठाचा खेळाडू १९६५ मध्ये पिस्टन्सकडे आला आणि दोन मोसम डेबुशरच्या हाताखाली खेळला. तोही उंच होता, तोही पिचर होता, आणि ब्रेव्ह्ज क्लबशी करारबद्ध होता. रीडने १९६७ नंतर बास्केटबॉल सोडला. तो १९८४ पर्यंत मेजर लीगमध्ये खेळला, १४६ सामने जिंकला, आणि ८ एप्रिल १९७४ च्या रात्री हँक एरनने विक्रमी ७१५ वा होमरन मारला त्या सामन्यात विजयी पिचर म्हणून रीडचेच नाव नोंदले गेले. एका संघातल्या दोघांसमोर एकच प्रश्न होता. दोघांनी उलट उत्तरे दिली आणि दोन्ही उत्तरे बरोबर ठरली. रीडला मोकळे करणारी गोष्ट अशी की त्याच्यावर संघाची धुरा नव्हती आणि ब्रेव्ह्जकडे त्याच्यासाठी जागा होती. डेबुशरच्या बाबतीत दोन्ही गोष्टी उलट होत्या.

दुसरा मार्ग त्याने दोन उन्हाळे चालून पाहिला होता. मेजर लीगचे दार उघडत नव्हते, आणि मायनर लीगमधील विजयांसाठी हिवाळ्यातले नेतृत्व पणाला लागत होते. त्याआधी जीन कॉन्लीने ब्रेव्ह्जसोबत १९५७ ची जागतिक मालिका आणि बोस्टन सेल्टिक्ससोबत एनबीएची तीन विजेतेपदे मिळवून दोन्ही खेळ जमवता येतात हे दाखवले होते. पण सेल्टिक्समध्ये कॉन्ली बिल रसेलच्या मागे राखीव खेळाडू होता. राखीव खेळाडूला जे परवडते ते संघाच्या आधारस्तंभाला परवडत नाही.

डेबुशरने तिसरा मार्ग निवडला. १९६५ नंतर त्याने बेसबॉल थांबवला.

परिणाम

जानेवारी १९६६ मध्ये, म्हणजे बेसबॉल सोडल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, त्याची एनबीएच्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी, प्रथम निवड झाली. एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, आणि या वयात खेळाडू तसाही बहरत असतो. तरी दोन खेळांची ओढाताण संपलेला खेळाडू त्याच हिवाळ्यात वरच्या पंक्तीत जाऊन बसतो, ही नोंद दुर्लक्षण्याजोगी नाही.

प्रशिक्षकपदाचा निकाल मात्र वाईट लागला. पहिल्या अपुऱ्या मोसमात २९ विजय आणि ४० पराभव, १९६५-६६ मध्ये २२ आणि ५८, पुढच्या मोसमात २८ आणि ४५. एकंदर ७९ विजय आणि १४३ पराभवांनंतर मार्च १९६७ मध्ये डॉनी बुचर यांच्याकडे सूत्रे गेली आणि डेबुशर केवळ खेळाडू म्हणून उरला. पद गेल्यावर त्याने कुरकुर न करता त्याच संघात खेळत राहणे पसंत केले, यात त्याचा स्वभाव दिसतो.

१९ डिसेंबर १९६८ रोजी पिस्टन्सने त्याला न्यूयॉर्क निक्सकडे दिले आणि बदल्यात वॉल्ट बेलामी व हॉवर्ड कोमाइव्ह्ज यांना घेतले. या देवघेवीचा निक्सला झालेला लाभ दुहेरी होता. बेलामी गेल्यामुळे सेंटरची, म्हणजे बास्केटजवळच्या मुख्य खेळाडूची, जागा मोकळी झाली आणि विलिस रीड आपल्या मूळच्या जागी परतला. रीडने सोडलेली फॉरवर्डची जागा डेबुशरने घेतली. प्रशिक्षक रेड होल्झमन यांच्या संघाने १९७० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना सात सामन्यांच्या मालिकेत हरवून निक्सचे पहिले विजेतेपद मिळवले आणि १९७३ मध्ये दुसरे. एनबीएने १९६९ पासून सर्वोत्तम बचावपटूंचा संघ निवडायला सुरुवात केली. १९७४ मध्ये निवृत्त होईपर्यंत सहाही वर्षे पहिल्या संघात डेबुशरचे नाव होते. ८७५ सामने, सामन्यामागे १६.१ गुण आणि ११ रिबाउंड, आठ ऑल-स्टार निवडी, आणि १९८३ मध्ये हॉल ऑफ फेम, असा त्याचा बास्केटबॉलमधला जमाखर्च आहे. पुढे तो एबीए या प्रतिस्पर्धी लीगचा अखेरचा आयुक्त झाला आणि १९७६ मध्ये त्या लीगचे चार संघ एनबीएमध्ये सामील झाले. १९८५ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरवणाऱ्या एनबीएच्या पहिल्या लॉटरीत निक्सला पॅट्रिक यूइंगवरचा हक्क मिळाला तेव्हा क्लबची सूत्रे त्याच्याकडे होती. १४ मे २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

वेगळे काय करता आले असते

व्हाइट सॉक्सच्या बाजूने पाहिले तर खरी संधी १९६३ च्या वसंतात नव्हती. ती वर्षभर आधी, करारावर सही होतानाच हुकली. बोनसची रक्कम हप्त्यांत देऊन, एका ठरावीक मोसमानंतर खेळाडूने एक खेळ निवडावा आणि तोवर किमान काही आठवडे शिबिराला द्यावेत, असे कलम घालता आले असते. पिस्टन्सलाही त्यात तोटा नव्हता, कारण त्यांनाही आपला खेळाडू किती काळ आपला आहे हे कळले असते. त्याऐवजी तिन्ही पक्षांनी मौन पाळले आणि त्या मौनाची किंमत एका चौथ्याच तरुणाने, मॅक्लेनने, क्लब बदलून चुकवली. त्याच्या दृष्टीने ते भाग्यच ठरले, हा भाग निराळा.

१९६३ च्या मोसमाअखेर दुसरी एक वाट उघडी होती. पिचरांची एवढी श्रीमंती असताना डेबुशरला एखाद्या गरजू क्लबला देऊन व्हाइट सॉक्सला मधल्या फळीतील फलंदाज आणता आला असता. त्या संघाचे दुखणे फलंदाजीचेच होते. नुकतीच ३.०९ ची सरासरी नोंदवलेल्या तेवीस वर्षांच्या पिचरला बाजारात चांगली किंमत आली असती. त्याला दोन उन्हाळे इंडियानापोलिसला ठेवण्यात क्लबला काहीच मिळाले नाही आणि खेळाडूला तर त्याहून कमी मिळाले. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक सलते ती हीच गोष्ट.

पिस्टन्सच्या निर्णयाविषयी थोडे सबुरीने बोलावे लागते. खेळाडू-प्रशिक्षक ही कल्पना मुळातच चुकीची होती असे म्हणता येत नाही. बिल रसेलने सेल्टिक्समध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदे मिळवली. पण रसेलने ती जबाबदारी घेतली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, अनेक विजेतेपदे पचवलेला खेळाडू होता आणि त्याला तयार संघ मिळाला होता. डेबुशरला मिळाला तो ११ पैकी ९ सामने हरलेला संघ. उरलेल्या मोसमापुरती हंगामी नेमणूक करून, वसंतात अनुभवी प्रशिक्षक शोधणे संघाला शक्य होते. निदान एखादा जाणता सहायक त्याच्या शेजारी बसवायला हवा होता.

आणि खुद्द डेबुशर? बेसबॉल एक वर्ष आधी, १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकपद स्वीकारतानाच थांबवायला हवा होता, असे म्हणणे आज सोपे आहे. त्या वेळी त्याच्या खात्यावर नुकतेच १५ विजय जमा झाले होते आणि व्हाइट सॉक्समध्ये पुढच्या वसंतात एखादा पिचर दुखावला असता तर बोलावणे आलेही असते. प्रशिक्षकपद नाकारणे हा मात्र खरोखर त्याच्या हातातला पर्याय होता. तो नाकारता तर खेळाडू म्हणून त्याची वाढ दोन वर्षे आधी झाली असती, असे मला वाटते. आणि कदाचित बेसबॉललाही आणखी एक पूर्ण, मोकळा उन्हाळा मिळाला असता.